पहिला शब्द फुटण्याआधी

तान्ह्या बाळाबद्दल आपल्या घरांत दोन टोकाची मतं सुखाने एकत्र नांदतात. एक म्हणतं, ‘त्याला एवढ्यात काय कळतंय!’ दुसरं म्हणतं, त्याचा मेंदू तल्लख व्हायचा तर आत्तापासूनच त्याला गाणी, श्लोक, व्हिडिओ सगळं ऐकवायला-दाखवायला हवं. बाळाला बोलता येत नसलं तरी ते चोखतं, टक लावून बघतं, आवाजाच्या दिशेने मान वळवतं. या तीन खुणांच्या आधारे संशोधकांनी गेली काही दशकं बाळांनाच प्रश्न विचारले. मिळालेल्या उत्तरांत ही दोन्ही मतं टिकत नाहीत.

गैरसमज १ : पोटात असताना ऐकवलेली विद्या बाळ शिकून येतं.

वस्तुस्थिती : गर्भाला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत चांगलं ऐकू येतं, हे खरं. पण पोटातून पोचतो तो गाळलेला आवाज. शब्द पुसट होतात, उरते ती लय आणि स्वरांची चढउतार. १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की आईचा किंवा परक्या बाईचा आवाज ऐकू यायचा. बाळांनी आईचा आवाज लागेल अशी लय धरली. २००९ साली जर्मन संशोधक काथलीन वेर्मके यांच्या गटाला दिसलं की फ्रेंच नवजात बाळांचं रडणं चढत्या सुरात जातं आणि जर्मन बाळांचं उतरत्या सुरात, म्हणजे आपापल्या भाषेच्या चालीवर. पोटातून बाळ घेऊन येतं ती ही चाल. अभिमन्यूसारखी व्यूहरचना नव्हे.

मोझार्टच्या संगीताने बाळं हुशार होतात, या समजुतीचं मूळ तर आणखी गमतीचं आहे. १९९३ सालच्या त्या प्रयोगात कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते. बाळ एकही नव्हतं. आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना झालेला फायदा दहा-पंधरा मिनिटं टिकला. तरीही १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी निधी मागितला.

गैरसमज २ : बोलायला लागेपर्यंत बाळाला काही कळत नाही.

वस्तुस्थिती : झाकलेली वस्तू झाकणाखाली शिल्लक असते, हे बाळाला आठेक महिन्यांनी कळू लागतं, असं ज्याँ पियाजे यांचं मत होतं. कारण त्याआधी बाळ ती वस्तू शोधायला हात घालत नाही. पण शोधणं हे हाताचं काम झालं. रेने बायरजाँ यांनी १९८५ साली हात बाजूला ठेवून डोळ्यांना विचारलं. पडद्यामागे ठोकळा असताना पडदा त्याच्या आरपार गेल्यासारखा दिसला, की पाच महिन्यांची बाळं जास्त वेळ बघत राहिली. अशक्य गोष्ट त्यांना खटकली होती. १९९२ साली कॅरन विन यांनी त्याच वयाच्या बाळांना पडद्यामागे एक बाहुला आणि मग आणखी एक बाहुला ठेवताना दाखवलं. पडदा दूर झाल्यावर एकच बाहुला दिसला, तेव्हा बाळांची नजर जास्त वेळ खिळली. अशा टक लावण्याचा अर्थ किती लावायचा यावर आजही वाद आहे. बाळाचं डोकं कोरं नसतं, याबद्दल मात्र फारसा वाद उरलेला नाही.

शब्दांचंही तसंच. बारशाला आत्या कानात जे नाव सांगते, त्याचा नाद बाळ साधारण साडेचार महिन्यांचं असताना इतर नावांतून वेगळा ओळखतं. २०१२ साली एलिका बर्गेलसन आणि डॅनियल स्विंगली यांनी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांसमोर दोन चित्रं ठेवली आणि आयांना त्यांतल्या एकाचं नाव घ्यायला सांगितलं. खाण्याचे पदार्थ आणि शरीराचे अवयव यांची नावं ऐकून बाळांची नजर योग्य चित्राकडे जास्त वळली. स्वतःचा पहिला शब्द उच्चारायला त्यांना अजून काही महिने होते.

गैरसमज ३ : वय वाढतं तसे बाळाचे कान जास्त आवाज ओळखू लागतात.

वस्तुस्थिती : घडतं ते उलट, आणि याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा आपल्या ओळखीच्या दोन व्यंजनांनी दिला आहे. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ निवडले. मराठीतही हा भेद आहे, इंग्रजीत नाही. बाळ आईच्या मांडीवर बसायचं आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. अक्षर बदललं की बाजूचं खेळणं उजळायचं आणि हलायचं. बदल ओळखणारं बाळ खेळणं सुरू होण्याआधीच मान वळवून तिकडे बघायचं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी त-ट चा फरक पकडला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तो पकडणारी फारच थोडी निघाली.

याला बाळाची पीछेहाट म्हणता येत नाही. घरात जो भेद कामाला येत नाही तो सोडून जो येतो त्यावर कान एकाग्र करणं, हेच त्या वर्षातलं मोठं शिक्षण आहे. दारही कायमचं बंद होत नाही. मोठेपणी सरावाने ‘ट’, ‘ण’, ‘ळ’ शिकता येतात, फक्त कष्ट जास्त पडतात.

गैरसमज ४ : मोबाइलवरची बालगीतं बघून मूल लवकर बोलायला शिकतं.

वस्तुस्थिती : पॅट्रिशिया कूल यांनी सिएटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली. दुसऱ्या गटाने तेच सगळं टीव्हीवर पाहिलं, तिसऱ्याने नुसतं ऐकलं. २००३ साली निकाल आला. माणसांसोबत खेळलेल्या बाळांनी चिनी ध्वनिभेद तैवानमधल्या बाळांइतका चांगला ओळखला. टीव्ही आणि ध्वनिफितीच्या गटांना काहीच आलं नव्हतं.

माणूस असं काय देतो जे पडदा देत नाही? तो वेळेवर उत्तर देतो. मायकेल गोल्डस्टीन यांच्या प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळाने आवाज काढल्याबरोबर आईने हसून, स्पर्श करून दाद दिली, तेव्हा बाळाचे आवाज खऱ्या अक्षरांच्या जवळ सरकले. तीच दाद भलत्या वेळी मिळालेल्या बाळांत हा बदल दिसला नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको म्हणते, पण नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलला सूट देते. त्यामुळे लंडनच्या नातवाशी नाशिकच्या आजीने बोलायला हरकत नाही. तिथे आजी उत्तर देते. यूट्यूब देत नाही.

गैरसमज ५ : घरात दोन भाषा असल्या की मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं.

वस्तुस्थिती : गरोदरपणी आई दोन भाषा बोलत असेल, तर नवजात बाळ त्या दोन्हींकडे कान देतं आणि त्यांत फरकही करतं. पहिला शब्द, दोन शब्दांचं वाक्य हे टप्पे दुभाषी मुलं साधारण त्याच वयात गाठतात. एकाच भाषेतले शब्द मोजले तर कमी भरू शकतात. दोन्ही भाषांचे मिळून मोजावेत. घरात अहिराणी किंवा मालवणी आणि शेजारी हिंदी असेल, तर त्यातली कुठलीही भाषा बंद करायची गरज नाही.

गैरसमज ६ : बाळाशी लाडात बोललं की ते बोबडंच राहतं.

वस्तुस्थिती : उंच सूर, ताणलेले स्वर, सावकाश वाक्यं हे लाडाचं बोलणं बाळांना जास्त आवडतं, आणि त्यातून आवाजही स्पष्ट कळतात. अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आया बाळाशी बोलताना स्वर सारख्याच पद्धतीने ताणतात, असं १९९७ साली आढळलं. एडिंबरा विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात, एकच नाद दोनदा असलेले शब्द जास्त कानावर पडलेल्या बाळांचा शब्दसंग्रह पुढे जास्त वेगाने वाढला. म्हणजे मम्मं, भूभू आणि जोजो यांना घरात खुशाल जागा द्यावी.

गैरसमज ७ : मुलगे उशिराच बोलतात, थोडी वाट बघा, जिभेला वेखंड-मध लावा.

वस्तुस्थिती : मुलगे आणि मुली यांच्यात सरासरी फरक एखाद-दोन महिन्यांचा असतो, वर्षाचा नाही. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. शिवाय दोष बहुधा जिभेत नसतोच. आधी तपासायचा तो कान. हजारात एक ते तीन बाळं ऐकण्याच्या दोषासह जन्मतात. तीही सुरुवातीचे महिने रडतात, हुंकार देतात, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड मात्र त्यांच्यात लांबते.

बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होणारी कानाची ओएई तपासणी हा दोष दाखवू शकते. पहिल्या महिन्यात ती चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराची सुरुवात, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, त्यामुळे अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही पुढची वाट मिळते.

वर्षाचं होईपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं नाहीसं झालं. यांतलं काहीही दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. सगळं ठीक निघालं तर खर्च झाली एक सकाळ. दोष निघाला, तर उपचार लवकर सुरू होतात, आणि भाषेच्या बाबतीत त्या महिन्यांना फार मोल आहे.