आधीच्या तक्रारीचं काय झालं?
लेखमाला : कारभार आणि आपण / लेखांक ६

मागच्या लेखांकात नागरिकाच्या हातातल्या माहिती अधिकाराबद्दल बोललो. आज कार्यालयातल्या माणसाबद्दल. वडनेर भोलजीसारख्या गावात घरकुलाचा हप्ता मुरला किंवा रस्त्याचं काम मोजमाप पुस्तिकेत फुगलं, तर ते आधी कळतं ग्रामसेवकाला नाहीतर शाखा अभियंत्याला. तरी बहुतेक जण गप्प राहतात. का?

नोकरीतल्या माणसाला विचारलं तर उत्तर मिळतं, ‘बदली’. ते खरंच आहे; गडचिरोलीची धास्ती, खराब गोपनीय अहवाल, निवृत्तीच्या तोंडावर खातेनिहाय चौकशी आणि अडकलेली पेन्शन. पण अमेरिकेत १९८० पासून सरकारी कर्मचाऱ्यांच्या झालेल्या पाहण्यांत भीतीइतकंच, किंबहुना जास्त वजनदार कारण पुढे आलं : ‘सांगून काही होणार नाही.’

आपल्याकडे हा अनुभव कसा येतो? तक्रारीचा अर्ज जिल्ह्याला जातो. ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन तो खाली उतरतो आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच साहेबाच्या टेबलावर येतो. संध्याकाळी तक्रारदाराचं नाव चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं. हे पाहिलेले दहा जण पुढे कधी अर्ज करत नाहीत.

कोण बोलतं हे ठरण्यात हुद्दा आणि कामाचं स्वरूपही महत्त्वाचं. वडनेरच्याच नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प आहे. १९९० च्या दशकात चारशे कोटींच्या आसपास धरलेला त्याचा खर्च २००९ पर्यंत चार हजार कोटींवर गेला. राज्यातल्या सिंचन कामांच्या अशा फुगत्या खर्चावर आणि निकृष्ट दर्जावर २०१२ मध्ये थेट राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं ते विजय पांढरे यांनी. ते मुख्य अभियंता होते, तांत्रिक सल्लागार समितीवर होते. तपासणं हे त्यांचं कामच होतं. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याकडे ना ते पद, ना तो दबदबा. त्याला आधार हवा कायद्याचा.

तो कायदा कागदावर आहे. महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार कळवताना अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती पंतप्रधान कार्यालयाला केली होती. नाव फुटलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गोपनीय तक्रारीची सोय झाली, आणि २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने केला. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात आहे. मात्र तो अंमलात आणण्याची अधिसूचनाच निघालेली नाही.

म्हणून कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वेतन आयोगाइतक्याच जोराने तीन मागण्या लावून धराव्यात : हा कायदा लागू करा, तक्रार संबंधित साखळीबाहेरच्या अधिकाऱ्याकडेच द्या, आणि तिचा निकाल ठरावीक मुदतीत लेखी कळवा. एका तक्रारीला न्याय मिळाला, तर दुसरा कर्मचारी आपणहून पुढे येईल.

(पुढील लेखांकात : बदल्यांचा २००५ चा कायदा आणि त्यातल्या पळवाटा)