नावांची कुळकथा (भाग सातवा) : तारा, स्टेला आणि डोल्मा

आयर्लंडच्या मीद परगण्यात तारा नावाची टेकडी आहे. जुन्या आयरिश कथांत ही राजाधिराजांची गादी. टेकडीवर ‘लिया फाल’ नावाचा एक उभा दगड आहे. खऱ्या वारसाचा स्पर्श झाला की तो गर्जतो, अशी कथा. जवळच मातीच्या ढिगाखाली पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं आहे. आपल्याकडे या टेकडीबद्दल एक दावा फार फिरतो. नाव तारा, वर लिंगाच्या आकाराचा दगड, म्हणजे हे आपल्या तारादेवीचंच स्थान. हा दावा चूक आहे. मात्र तो का चूक आहे हे नीट पाहिलं, तर तारा या नावाची खरी नाती कुठे आहेत तेही कळतं, आणि ती या दाव्यापेक्षा कितीतरी विलक्षण आहेत. म्हणून या आठवड्याचं नाव तारा.

नावांच्या शोधात आजचा उच्चार बाजूला ठेवायचा आणि सापडेल तितकं जुनं रूप गाठायचं, ही पहिली पायरी. या टेकडीचं जुन्या आयरिशमधलं नाव ‘तेमर’ असं आहे. पुढे मधला ‘म’ मऊ होत होत ‘व’च्या जवळ गेला. त्या नावाचं षष्ठीचं रूप, म्हणजे ‘तेमरची टेकडी’ म्हणताना येणारं रूप, इंग्रजांनी ऐकलं आणि आपल्या लिपीत ‘तारा’ असं उतरवलं. मूळ शब्दात ‘म’ आहे, आणि आपल्या तारेत तो कोणत्याही काळी नव्हता. दोन नावं जसजशी मागे न्यावीत तसतशी ती एकमेकांपासून लांब जात असतील, तर ती एका कुळातली नव्हेत.

आयर्लंडच्या तारेला आपलं स्वतःचं मोठेपण आहे, ते उसनं देण्याची गरज नाही. १५ ऑगस्ट १८४३ रोजी डॅनियल ओकॉनेल यांनी ब्रिटिश पार्लमेंटशी झालेलं एकीकरण रद्द करावं म्हणून याच टेकडीवर सभा घेतली आणि लाखो लोक जमले. जागा मुद्दाम निवडलेली होती. टेकडीचं नाव घेतलं की आयरिश माणसाला आपलं गेलेलं राज्य आठवत असे. तेच नाव बोटीत बसून अमेरिकेत गेलं. मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ सालच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीत मीद परगण्यातून आलेला जेराल्ड ओहारा जॉर्जियातल्या आपल्या मळ्याला ‘तारा’ हे नाव देतो. १९३९ मध्ये चित्रपट आला आणि जगभर गाजला. त्यानंतर अमेरिकेत मुलींची नावं तारा ठेवायची लाट आली, १९७० च्या दशकात तर ती भरात होती. टेकडीचं नाव मळ्याला, मळ्याचं मुलीला. आज न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घरात मुलीचं नाव तारा ठेवतात, कारण ते आजीलाही म्हणता येतं आणि शाळेतल्या बाईंनाही. तिच्या वर्गात दुसरी एखादी तारा असेल तर हजेरीपटावर दोघींचं नाव अक्षरश: एकच दिसेल. एकीचं नाव तेमरहून आलेलं, दुसरीचं ऋग्वेदाच्या भाषेतून.

आता दक्षिण गोलार्धात. न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन ज्या बंदरावर आहे त्याचं माओरी नाव ‘ते व्हांगानुई-आ-तारा’, म्हणजे ताराचं मोठं बंदर. हा तारा पुरुष. व्हातोंगा या पूर्वजाचा मुलगा, आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी ‘न्गाइ तारा’ ही टोळी तिथे राहत असे. माओरी भाषेत तारा म्हणजे काटा, टोकदार वस्तू, आणि कुररी या समुद्रपक्ष्यालाही तारा म्हणतात. आकाशातल्या ताऱ्याचा त्यात काही संबंध नाही, त्यासाठी त्यांचा शब्द ‘व्हेतू’.

मग इतका तंतोतंत सारखा शब्द आला कुठून? इथे थोडा हिशेब करू. माओरीत व्यंजनं दहा आणि स्वर पाच. तिथे प्रत्येक अक्षर स्वरातच संपतं, जोडाक्षर नाही. म्हणजे व्यंजनासह पन्नास आणि नुसते स्वर पाच, अशी पंचावन्न अक्षरं. ह्रस्व-दीर्घ बाजूला ठेवलं तर दोन अक्षरी शब्द कागदावर जास्तीत जास्त ५५ गुणिले ५५, म्हणजे ३,०२५ होतात. माणसांच्या बोलण्याला हजारो शब्द लागतात, त्यामुळे या जागांपैकी कितीतरी भरलेल्या असणारच. जगात सुमारे सात हजार भाषा आहेत. त, र आणि आ हे ध्वनी त्यातल्या बहुतेकींत आढळतात. तेव्हा ‘तारा’ हा शब्द अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाला नसता तरच नवल. शब्द जितका छोटा, तितकं नुसत्या सारखेपणाच्या पुराव्याचं वजन कमी. सात-आठ अक्षरी नाव दोन खंडांत सारखं सापडलं तर कान टवकारावेत.

माँटेनेग्रोत तारा नावाची नदी आहे. तिची घळ सुमारे १,३०० मीटर खोल आहे, युरोपातली सर्वांत खोल. पुढे पिवा नदीला मिळून तिची द्रिना होते. सर्बियात तारा नावाचा डोंगर आहे आणि त्या भागात मुलींनाही हे नाव ठेवतात. सायबेरियात इर्तिश नदीकाठी १५९४ मध्ये वसवलेलं तारा शहर आहे. पेरूमध्ये तारा नावाचं झाड आहे, त्याच्या शेंगा कातडं कमावायला वापरतात. यातल्या कोणाचाही आपल्या तारेशी संबंध जोडायला आधार नाही, म्हणून पुढे जाऊ.

आपली तारा मुळात दोन. हे फार लोकांना ठाऊक नसतं, आणि या भागात मला सांगायचं आहे ते मुख्यत: हेच.

पहिली आकाशातली. ऋग्वेदात ‘ताऱ्यांनी’ या अर्थी ‘स्तृभिः’ असं रूप येतं आणि त्याच ग्रंथात ‘तारः’ असंही येतं. एकात आरंभीचा ‘स’ शाबूत, दुसऱ्यात गळालेला. हा ‘स’ परत लावून पाहा आणि नातलगांची रांग उभी राहते. अवेस्तात ‘स्तर’, फारसीत ‘सितारा’, ग्रीकमध्ये ‘अस्तेर’, लॅटिनमध्ये ‘स्तेल्ला’, जर्मनमध्ये ‘श्टेर्न’, इंग्रजीत ‘स्टार’. म्हणजे वसईत किंवा गोव्यात एखाद्या घरातली स्टेला आणि पुण्यातल्या वाड्यातली तारा या खऱ्या नात्यातल्या आहेत. कथक नर्तकी सितारादेवींचं नावही याच घरातलं. इथे पुरावा एका शब्दावर उभा नाही. पिता, माता, भ्राता, दोन, तीन, सात अशा शेकडो शब्दांत याच भाषांमध्ये ध्वनींची तीच नियमित अदलाबदल दिसते. नातं ठरवायला असा नियम लागतो.

दुसरी तारा ‘तॄ’ या धातूची. तरून जाणे, पार होणे. त्याचं प्रयोजक रूप ‘तारयति’, पार नेते, तारते. मराठीला हे मूळ अंगवळणी आहे. तरणे, तारणे, तारणहार, समुद्रात जाणारं तारू, कोकणात खाडी ओलांडून देणारी तर, तीर्थ आणि अवतारसुद्धा. ही तारा म्हणजे पैलतीरी नेणारी. बौद्ध देवता तारा ती हीच.

या देवतेचा उदय समजून घ्यायचा तर आपल्या लेण्यांत जावं. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात दाराशेजारी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटींत संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत. आग, दरोडेखोर, बेड्या, फुटणारं गलबत, सिंह, साप, हत्ती, राक्षस. कान्हेरीच्या ९० व्या लेण्यातही असाच पट आहे. ज्यांच्या दानावर ही लेणी उभी राहिली त्यांत व्यापारी मोठ्या संख्येने होते. सोपारा, कल्याण, चौल ही त्यांची बंदरं. घाट चढताना वाघ-सिंह आणि दरोडेखोर, समुद्रात वादळ. ही यादी त्यांच्या रोजच्या भीतीची आहे, आणि म्हणूनच ती शिल्पं पाहताना मला ती माणसं फार जवळची वाटतात. पुढच्या काळात हे संकटनिवारणाचं काम तारेकडे आलं. वेरूळच्या नवव्या लेण्याच्या दर्शनी भागावर मधोमध तारा आहे आणि भोवती साप, तलवार, हत्ती, आग आणि बुडतं जहाज. अष्टमहाभयातून तारणारी तारा, हे तिचं नाव.

त्या बुडत्या जहाजाजवळ थोडं थांबायला हवं. समुद्रावर रात्री दिशा दाखवतो तो तारा, आणि बुडताना वाचवते ती तारा. दोन धातू वेगळे आहेत, व्याकरणाने ते एक होत नाहीत. पण दर्यावर्दी माणसाच्या मनात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले असावेत, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, शिलालेखाचा पुरावा नाही.

शिलालेखाचा पुरावा आहे तो दुसऱ्या अर्थाचा, आणि तो जावा बेटावर. योग्यकर्त्याजवळ कलसन इथे तारेचं देऊळ बांधल्याचा संस्कृत लेख शके ७०० चा, म्हणजे इसवी सन ७७८ चा आहे. त्याची सुरुवातच आर्यतारेला वंदन करून होते, आणि दु:खाच्या भवसागरात बुडालेल्या जगाला ती तारते, असं तिचं वर्णन येतं. लिहिणाऱ्याच्या मनात कोणती तारा होती याबद्दल शंकाच उरत नाही.

तिबेटमध्ये तर याहून स्पष्ट साक्ष आहे. संस्कृत ग्रंथांचं भाषांतर करताना तिबेटी पंडितांनी देवतांची नावंही अर्थ लावून आपल्या भाषेत नेली. तारेचं नाव त्यांनी केलं ‘डोल्मा’, म्हणजे मुक्त करणारी, पार नेणारी. तिबेटीत आकाशातल्या ताऱ्याचा शब्द वेगळा आहे, तो त्यांनी घेतला नाही. विक्रमशिलेचे आचार्य अतिश दीपंकर १०४२ मध्ये तिबेटात पोचले. ते तारेचे मोठे भक्त, त्यांच्यामुळे तिची उपासना तिथे घराघरांत गेली. आज लडाख, सिक्कीम, तवांग इथे डोल्मा हे मुलीचं अगदी नेहमीचं नाव आहे. लेहच्या बाजारात भेटणारी डोल्मा आणि सांगलीची तारा यांच्या नावात एकही अक्षर सारखं नाही, तरी ती एकाच देवतेची नावं आहेत. आणि अक्षर न् अक्षर जुळणारी मीदची टेकडी मात्र परकी.

हा प्रवास उत्तरेकडे आणखी पुढे जातो. तिबेटचा प्रसिद्ध इतिहासकार, १६०८ मध्ये भारतातल्या बौद्ध धर्माचा इतिहास लिहिणारा, त्याचं नाव तारानाथ. तारानाथ हे नाव मंगळूर-कारवारच्या बाजूला आजही सर्रास आढळतं. इतिहासकार तारानाथाचाच पुनर्जन्म मानला गेला तो मंगोलियाचा धर्मगुरू झानाबाझार, आणि तो स्वत: थोर शिल्पकार होता. त्याने घडवलेल्या तारेच्या मूर्ती उलानबातरच्या संग्रहालयाचं वैभव आहेत.

आणि महाराष्ट्रातल्या तारा? पुराणांतून दोन जणी आल्या, बृहस्पतीची पत्नी आणि वालीची पत्नी. वालीची तारा पंचकन्यांत गणली जाते. हरिश्चंद्राच्या कथेने तारामती दिली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये ती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली, कारण स्त्री कलाकार मिळेना. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. इतिहासात राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० पासून औरंगजेबाशी लढा चालवणाऱ्या महाराणी ताराबाई. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक. २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर. या घरांनी मुलीचं नाव ठेवताना आकाशाकडे पाहिलं की तारणाऱ्या देवीकडे, हे नावावरून ओळखता येत नाही, कारण संस्कृतात दोन्ही शब्द एकाच रूपात येऊन थांबले आहेत. पंजाबात हेच नाव पुरुषांनाही शोभतं. अकाली नेते मास्टर तारासिंग हे त्याचं उदाहरण.

पुढच्या आठवड्यात ‘माया’. बुद्धाची आई माया, ग्रीक हर्मीसची आई माया आणि मध्य अमेरिकेतले माया लोक. यातलं कोण कोणाचं, ते याच पद्धतीने पाहू.