इफ्तारचा फ्रोझन समोसा: तळायचा की भाजायचा?

असरनंतरचा तास स्वयंपाकघरात नेहमीच अपुरा पडतो. म्हणून जळगाव-धुळ्यात रमजानच्या सामानात खजुराबरोबर आता फ्रोझन पफ आणि पट्टी समोसेही येतात. तळण टाळायला अनेकजणी ते ओव्हनमध्ये भाजतात. पण दोघांचा स्वभाव वेगळा.

पफच्या थरांमध्ये मार्गरीन असते. ते गार असतानाच पफ तापलेल्या ओव्हनमध्ये गेला, तर पिठातल्या पाण्याची वाफ थर उचलते. खानदेशच्या उन्हात घरी येईपर्यंत पाकीट मऊ पडले, की मार्गरीन पिठात मुरते आणि पफ चपटा, तेलकट होतो. जळगावात घेऊन एसटीने धुळ्याला न्यायची ही वस्तू नव्हे!

पट्टी समोसा इतका नाजूक नाही. पण पट्टीत तेल जेमतेमच, त्यामुळे कोरडाच भाजला तर पांढरा आणि चिवट राहतो. दोन्ही बाजूंना तेलाचा हात लावावा, फ्रीजरमधून थेट ओव्हनमध्ये, १८० ते २०० अंशांवर. पाकीट आधीच तळलेल्याचे असेल तर तेल नको. खिम्याचे असेल तर हलालचा शिक्का पाहावाच.

चवीत मात्र मोहल्ल्यातली हातची पट्टी सरस. पोळ्यांमध्ये तेल-पीठ लावून त्या एकत्र लाटायच्या, तव्यावर हलक्या शेकायच्या, गरम असतानाच सोडवायच्या, बोटे पोळतातच. या कमाईवर काही घरांत ईदचे कपडे येतात. म्हणून माझा हिशेब असा: पफ दुकानातला, पट्टी शेजारच्या खालांकडची, सारण घरचे. शाबान संपायच्या आत भरून ठेवले, की पहिल्या अशऱ्याची काळजी मिटते. फक्त लाइट जायला नको.