अवरोधजन्य कामला : निदान आणि शस्त्रकर्माची वेळ

कामलेचा रुग्ण समोर आला की आपण नेत्र, नखे व मूत्र पाहतो. मलाचा वर्ण विचारण्याचे मात्र पुष्कळदा राहून जाते. चरकाचार्यांनी शाखाश्रित कामलेत तिळाच्या पिठासारखा श्वेत मल सांगितला असून कफाने पित्ताचा मार्ग रुद्ध होणे हे त्याचे कारण दिले आहे. पित्त आतड्यात न उतरल्याने मल पांढुरका होतो, ते रक्तात साठल्याने मूत्र गडद होते व अंगाला कंड सुटते.

परंतु प्रत्येक अवरोध औषधाने दूर होत नाही. पित्तवाहिनीतील अश्मरी, स्वादुपिंडाच्या शीर्षाचा किंवा पित्ताशयाचा कर्करोग आणि पूर्वीच्या शस्त्रकर्मानंतरचा वाहिनीसंकोच ही त्याची प्रमुख कारणे होत. शूलासह कमीअधिक होणारी कामला अश्मरी सुचविते. वेदनारहित, सतत वाढणारी व कृशता आणणारी कामला अर्बुदाची शंका उत्पन्न करते.

विषाणुजन्य यकृतशोथातही काही दिवस मल फिका होतो, म्हणून केवळ लक्षणांवर विसंबू नये. रक्तातील डायरेक्ट बिलिरुबिन व अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असतील, तर सोनोग्राफी त्वरित करावी. पित्तवाहिन्या विस्फारलेल्या दिसल्यास पुढे एमआरसीपीने अवरोधाचे स्थान कळते.

वाहिनीतील अश्मरी बहुधा ईआरसीपीने, पोट न उघडता काढता येते. त्यानंतर पित्ताशय दुर्बिणीद्वारे काढतात. स्वादुपिंडशीर्षाचे अर्बुद मर्यादित असल्यास व्हिपल शस्त्रकर्म करतात. पसरलेले असल्यास वाहिनीत स्टेंट बसवून पित्ताला वाट करून देतात. पित्ताअभावी ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही व रक्त गोठण्यास विलंब होतो; म्हणून शस्त्रकर्मापूर्वी प्रोथ्रॉम्बिन काल तपासून आवश्यक तर ते सुईवाटे देतात.

कामला, थंडी वाजून ज्वर आणि उजव्या कुशीत शूल ही त्रयी एकत्र दिसल्यास पित्तवाहिनीत जंतुसंसर्ग झाला असे समजावे व रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. नवजात बालकाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकून मल पांढरा असेल, तर तेथेही विलंब नको. जन्मजात वाहिनीरोधाचे शस्त्रकर्म पहिल्या साठ दिवसांत अधिक यशस्वी होते.

औषधविक्रेते बंधूंनाही आमची विनंती आहे. ‘काविळीचे औषध द्या’ म्हणणाऱ्यास आरोग्यवर्धिनी देण्यापूर्वी मलाचा रंग विचारावा; तो पांढरा असल्यास प्रथम वैद्याकडे पाठवावे. अवरोध वेळीच ओळखून रुग्णास शल्यचिकित्सकाच्या हाती सोपविणे हेही आमच्या मते चिकित्सेचेच अंग आहे.