विश्लेषण : घाटातल्या ‘खेकड्या’वर रेल्वेवेडे आजही का भाळतात?

जुन्या इंजिनांचे वेड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर धूर ओकणारे वाफेचे इंजिन येते. विजेच्या इंजिनात कसले आले आहे वेड, असेही अनेकांना वाटते. पण मुंबई-पुणे मार्गाचे प्रेम असलेल्या एखाद्या जाणत्या रेल्वेवेड्यासमोर ‘खेकडा’ एवढा एकच शब्द काढून पाहा. पुढचा तासभर तुम्हाला बोलावे लागणार नाही.

खेकडा म्हणजे नेमके कोणते इंजिन?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली. त्यासाठी १५०० व्होल्ट डीसी वीज वापरली होती. पुढच्या पाच वर्षांत ही वीज बोरघाट आणि थळघाटात पोहोचली. घाटात दर ३७ मीटरला एक मीटर इतका खडा चढ आहे. तिथे मालगाड्या ओढण्यासाठी जीआयपी रेल्वेने १९२८ पासून ४१ इंजिने आणली, काही स्वित्झर्लंडमध्ये तर उरलेली इंग्लंडमध्ये बांधलेली. रेल्वेच्या भाषेत हा ईएफ/१ वर्ग. पुढे त्याचे नाव डब्ल्यूसीजी-१ झाले. चालकांनी मात्र त्याला खेकडा म्हटले.

त्या काळी ताकदीची मोटर आकाराने एवढी मोठी असे की ती चाकांच्या मध्ये बसत नसे. म्हणून मोटरी पुढच्या आणि मागच्या लांब नाकाडांमध्ये बसवल्या. त्यांची ताकद दातेरी चक्रांमधून एका आडव्या दांड्याला आणि तिथून बाहेरच्या जोडदांड्यांनी चाकांना मिळे. म्हणजे पोटात वीज आणि पायांत वाफेच्या इंजिनासारखे हलणारे दांडे! शिवाय नाकाडे चाकांच्या सांगाड्याबरोबर वळत, त्यामुळे घाटातल्या वळणांवर अख्खे इंजिन सांध्यांत दुमडल्यासारखे दिसे. उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालताना दांड्यांची सपसप ऐकू येई. आजच्या इंजिनाची सगळी यंत्रणा पेटीत बंद असते. खेकडा काम करताना दिसतो, हेच त्याच्या आकर्षणाचे खरे कारण असावे.

आणखी एक गोष्ट आजही थक्क करते. घाट उतरताना याच मोटरी जनित्र बनत, गाडीला आवर घालत आणि तयार झालेली वीज तारेत परत सोडत. चढणाऱ्या गाडीला ती वापरता येई. आज ‘रीजनरेटिव्ह ब्रेकिंग’ म्हणून मिरवले जाणारे तंत्र ते हेच.

मग एखादा खेकडा पुन्हा धावत का नाही?

वाफेचे जुने इंजिन डागडुजी करून कोळसा-पाणी भरले की कुठल्याही जुळत्या रुळांवर चालते. विजेच्या इंजिनाला मात्र डोक्यावर नेमकी त्याचीच वीज लागते. मध्य रेल्वेने २०१६ पर्यंत १५०० व्होल्ट डीसी पूर्णपणे काढून २५ हजार व्होल्ट एसी आणली. जास्त गाड्या चालवण्यासाठी ते आवश्यकच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या बदलाने खेकड्याचा शिधाच बंद झाला. ज्या घाटासाठी तो जन्मला, तिथली तार आता त्याच्या उपयोगाची नाही.

याउलट उदाहरण खेकड्याच्या माहेरचेच आहे. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाल्यावर स्वित्झर्लंडने गोट्हार्ड मार्गावर वीज आणली आणि तिथे अशाच लांब नाकाडांची, दांड्यांची इंजिने धावू लागली. लोक त्यांना ‘क्रोकोडाइल’, म्हणजे मगर म्हणतात. स्विस रेल्वेची १५ हजार व्होल्टची पद्धत तेव्हापासून बदललेली नाही. त्यामुळे शंभरी गाठलेली मगर आजही मुख्य मार्गावर खास गाड्या ओढू शकते, आणि ती पाहायला दूरदूरचे लोक रुळांलगत कॅमेरे लावून बसतात.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचा खेकडा आहे. शेजारी डेक्कन क्वीन ओढणाऱ्या वर्गातले ‘सर रॉजर लम्ले’ही पाहायला मिळते. मुंबईकरांना तेवढ्या लांब जायची गरज नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातही एक खेकडा ठेवला आहे. तिथे गेलात तर नुसत्या नाकाडाचा फोटो काढून परतू नका. थोडे वाकून चाकांवरचे दांडे पाहा.