वाफेचे इंजिन घडवून घेताना

भाईंदर स्टेशनावर आपण रोज उभे राहतो. गाडी येते. दारे माणसांनी भरलेली असतात. आपण कसेबसे आत शिरतो आणि गाडी निघते. ती विजेवर चालते हे कोणाला सांगावे लागत नाही. पण ही गाडी नेहमीच विजेवर चालत नव्हती, बरं का.

गुजरातकडून येणारा हा लोहमार्ग १८६४ साली ग्रांट रोडपर्यंत पोचला. १८६७ साली विरारहून मुंबईकडे लोकल सुरू झाली. तिला वाफेचे इंजिन होते. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. पुढे विरारपर्यंत वीज यायला १९३६ साल उजाडले. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे आपली लोकल खाडी ओलांडून धावली, ती कोळसा, पाणी आणि वाफ यांच्या जोरावर.

ती इंजिने आता गेली. चित्तरंजनच्या कारखान्याने मोठ्या रुळांसाठी वाफेचे शेवटचे इंजिन १९७० साली बांधले. त्याचे नाव 'अंतिम सितारा'. १९९५ साली मोठ्या रुळांवरची वाफेची नेहमीची वाहतूकही थांबली. काही इंजिने संग्रहालयात आहेत. पण बहुतेक नुसती उभी आहेत. ती चालत कशी होती, हे उभ्या इंजिनाकडे बघून कळत नाही.

मग आज ते इंजिन चालवून पाहायचे कसे? त्यासाठी संगणकाचा उपयोग होतो. संगणकाच्या पडद्यावर रूळ, स्टेशन, सिग्नल आणि गाडी दिसते. आपण ड्रायव्हरच्या जागी बसतो आणि गाडी हाकतो. याला ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा असा एक सिम्युलेटर २००१ साली निघाला. त्यात इंग्लंडचे 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे वाफेचे इंजिन होते. 'ओपन रेल्स' नावाचा दुसरा सिम्युलेटर फुकट मिळतो.

पण त्यात आपल्या भागातले इंजिन हवे असेल तर? ते कोणीतरी घडवावे लागते. आपल्याला घडवता येत नसेल, तर जाणत्या कारागिराला पैसे देऊन ते बनवून घ्यावे लागते. आम्ही भाईंदरचे सहा लोकलप्रवासी. आम्ही असे इंजिन दोनदा बनवून घेतले. पहिल्यांदा फसलो. दुसऱ्यांदा जमले. त्यातून जे शिकलो ते येथे सांगत आहोत.

आम्ही माथेरानच्या छोट्या गाडीचे इंजिन निवडले. ही गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. दादरला उतरायचे, कर्जतची लोकल धरायची, की नेरळ येते. नेरळहून माथेरानचा डोंगर चढणारा हा लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. तो पीरभॉय घराण्याने बांधला. त्याच्या दोन रुळांमधले अंतर फक्त दोन फूट आहे. आपल्या लोकलच्या रुळांत ते साडेपाच फूट असते. या गाडीसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीची चार छोटी इंजिने आणली होती. पुढे डिझेल इंजिने आली आणि ही चार कामातून गेली. पण त्यांतली काही अजून जपलेली आहेत. म्हणून त्यांची मापे आणि फोटो मिळतात.

पहिल्या वेळी आम्ही काय केले? एका हुशार मुलाला फोन केला. इंटरनेटवरचे दहा-बारा फोटो पाठवले. पैसे एकदम देऊन टाकले. दोन महिन्यांनी इंजिन आले. दिसायला फार सुरेख! धूर निघत होता, शिट्टी वाजत होती. पण घाटात लावले आणि मौज झाली. माथेरानचा चढ कडक आहे. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. खऱ्या इंजिनाचा तेथे दम निघे. आमचे इंजिन मात्र कितीही डबे जोडले तरी खेळण्यातल्या मोटारीसारखे पळत सुटले. अंगावर रंग वाफेचा, पण आत जीव भलत्याच इंजिनाचा!

तेव्हा आम्हाला कळले, की संगणकावरचे इंजिन चार कामांनी बनते.

पहिले काम आकाराचे. बॉयलर, चाके, धुराडे, ड्रायव्हरची खोली हे सारे संगणकात लहान लहान त्रिकोण जोडून उभे करतात. त्रिकोण फार कमी असले तर गोल चाक कोनाकोनांचे दिसते. फार जास्त झाले तर साधा संगणक अडखळतो. दुसरे काम रंगाचे. आकारावर रंगाचे, गंजाचे, काजळीचे चित्र चिकटवतात. तिसरे काम आवाजाचे. आणि चौथे काम आकड्यांचे.

हे चौथे काम फोटोत दिसत नाही. पण इंजिनाचा खरा जीव त्यातच असतो. इंजिनाचे वजन किती, चाकाचा व्यास किती, सिलिंडर किती रुंद, दट्ट्या किती लांब सरकतो, बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती, हे सारे एका फायलीत लिहिलेले असते. ओपन रेल्समध्ये ही फाइल साध्या अक्षरांची असते. ज्याला वाचता येते त्याला ती उघडून पाहता येते. आम्ही पाहिली. आमच्या इंजिनात दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या इंजिनाचे आकडे भरलेले होते.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी माहिती गोळा केली. मापे मिळवली. इंजिनाच्या खालच्या भागाचेही फोटो घेतले. कारण या इंजिनाची खुबी खालीच आहे. त्याला तीन आस आणि सहा चाके आहेत. ताठ आस वेड्यावाकड्या वळणात अडकतात. म्हणून टोकाचे आस पोकळ नळीत बसवलेले आहेत. चाके त्या नळीला जोडलेली असतात. वळण आले की ती थोडी वळतात आणि बाजूला सरकतात. याला क्लीन-लिंडनर आस म्हणतात. हे कारागिराला सांगितले नाही, तर तो सारी चाके ताठ बसवील.

मग आम्ही एका निवृत्त फायरमनकाकांना गाठले. त्यांनी मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनावर नोकरी केली होती. नव्या कारागीर मुलाला त्यांच्यासमोर बसवले.

मुलाने विचारले, "काका, बॉयलरमधलं पाणी काचेत दिसतं ना? मग चुकायचं कसं?"

काका म्हणाले, "अरे पोरा, चढावर काच खोटं बोलते. धुराडं वर आणि आपण खाली. पाणी सगळं आपल्याकडे येतं. काचेत भरपूर दिसतं. चढ संपला की पाणी पुढं पळतं आणि भट्टीचा माथा उघडा पडतो. त्यावर पाणी नसलं तर तो तापून मऊ होतो. मग जीवावर बेततं."

मुलाने हे वहीत लिहून घेतले. सगळ्याच सिम्युलेटरांत ही गोष्ट दाखवता येते असे नाही. म्हणून ती दाखवता येईल का, हे काम सुरू होण्याआधी विचारावे. अशी माहिती फोटोत नसते. ती माणसांकडे असते. आणि वाफेवर काम केलेली माणसे आता थकली आहेत. त्यांना आज विचारले नाही तर उद्या कोणाला विचारणार?

आता पैशाची गोष्ट. पहिल्या वेळी आणखी एक भांडण झाले होते. त्या मुलाने आमच्यासाठी केलेले इंजिन दुसऱ्यांनाही विकले. आम्ही चिडलो. "पैसे आमचे, मग इंजिन आमचे नाही का?" असे विचारले. पण आमच्याकडे कागद नव्हता. आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, की असा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात. कोणत्या प्रदेशापुरता ते लिहिले नाही तर भारतापुरता धरतात. तोंडी बोलणे येथे चालत नाही. म्हणजे त्या मुलाला दोष देण्याआधी आम्ही आमचीच चूक पाहायला हवी होती.

म्हणून दुसऱ्या वेळी एक पानभर करार केला. त्यात या गोष्टी लिहिल्या:

१. कोणते इंजिन, कोणत्या सालचे रूप, कोणत्या सिम्युलेटरसाठी.
२. काम केव्हा पुरे होईल.
३. चुका किती वेळा दुरुस्त करून मिळतील.
४. मूळ फायली कोणाकडे राहतील.
५. इंजिन कोणी कोणाला द्यावे, विकावे की फुकट वाटावे.
६. पैसे केव्हा आणि किती.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावे. समजा, काम साठ हजार रुपयांचे आहे. विसार म्हणून १२,००० द्यावे. आकार पसंत पडला की १५,०००. रंग आणि आवाज झाले की आणखी १५,०००. घाटात चालवून पाहिले आणि ठीक वाटले की उरलेले १८,०००. बेरीज करून पाहा, साठ हजार होतात. यात कारागिराचेही भले आहे. त्यालाही मधूनमधून पैसे मिळतात आणि काम अर्धवट सोडावे लागत नाही.

इंजिन हाती आले की परीक्षा घ्यावी. एक सोपी परीक्षा सांगतो. या इंजिनाला दोन सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरात वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणून चाक एकदा फिरले की धुराड्यातून 'भक्' असा आवाज चार वेळा यायला हवा. गाडी सावकाश चालवा आणि मोजा. तीन आले किंवा सहा आले, तर शेवटचा हप्ता देऊ नका. आधी दुरुस्त करून घ्या.

आमच्या इंजिनाची परीक्षा फायरमनकाकांनीच घेतली. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला. बोटांवर मोजले. मग म्हणाले, "चार आहेत. आता चढावर घे." चढावर इंजिन धापा टाकू लागले. चौथा डबा जोडला तेव्हा चाके जागीच फिरली. काका हसले आणि म्हणाले, "आता खरं इंजिन झालं."

आम्ही त्याच दिवशी शेवटचा हप्ता दिला आणि पावती घेतली.