पन्नासवर अडकलेला पंप

करी रोड स्टेशनच्या पुलावरून पूर्वी गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या, आता काचेचे टॉवर दिसतात. माझे अब्बा इथल्याच एका गिरणीत, साचेखात्यात होते. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. पंपाच्या दाबानं पाण्याचे तुषार उडत आणि पंखे ती ओली हवा आत ढकलत. 1982 च्या संपानंतर ते सगळं थंडावलं.

आता अशाच एका गिरणीच्या जागेवरच्या इमारतीत मी नोकरी करतो. आमच्या मजल्यावर भर मे महिन्यात बायका शाली पांघरून बसतात. शेवटी कारण विचारायला तळघरात उतरलो. मी बी.ए. माणूस, पंपाशी संबंध चाळीच्या टाकीपुरता.

ऑपरेटर भला होता. चिलर पाणी सात अंशांच्या आसपास थंड करतो, पंप ते मजल्यामजल्यांवर फिरवतो, हवेतली उष्णता घेऊन ते परत येतं. पंपाला एवढं पाणी वर चढवावं लागतं, असं मला वाटायचं. तसं नाही. नळांचं वेटोळं बंद असतं. वर जाणाऱ्या पाण्याचं वजन खाली येणारं पाणी तोलून धरतं. पंप झगडतो तो फक्त नळातल्या घर्षणाशी.

खरी गंमत पुढेच आहे. अशा पंपाचा वेग 20 टक्के उतरवला, तर पाणीही तेवढंच कमी होतं, वीज मात्र जवळजवळ निम्मी लागते. 0.8 ला 0.8 नं दोनदा गुणून पाहा. (चाळीच्या टाकीला हा हिशेब लागू नाही, गच्चीची उंची काही कमी होत नाही.) पुष्कळ ठिकाणी मात्र पंप पूर्ण वेगानं चालवून पुढचा व्हॉल्व्ह आवळतात. म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर. त्यापेक्षा वेग बदलणारं यंत्र बरं. 2007 सालच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही मोठ्या पंपांसाठी ते सांगितलेलं आहे.

आमच्याकडे ते भिंतीवर होतं. आकडा मात्र 50 हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर.

"काका, वरच्या एका मजल्यावर गरम होतं अशी तक्रार आली, तेव्हापासून पन्नासवरच ठेवलाय."

एकाची तक्रार मिटावी म्हणून जास्तीचा दाब सगळ्या इमारतीत, आणि आम्ही गारठतोय! विजेचं बिल भाडेकरूंमध्ये वाटलं जातं, त्यामुळे कुणाला बोचतही नाही.

मी चिकाटीनं मागे लागलो. महिन्याभरानं त्या मजल्याचा नळ उघडला. आतली जाळी गंजाच्या गाळानं तुंबली होती. साफ करायला अर्धा तास लागला. पंप सध्या 40 वर चालतो.